शनिवारचे चौदा फेरे

पाण्याच्या समान वाटपावर जगभरातली माणसं चार दिवस बोलणार होती. तिसऱ्या दिवशी सकाळी विरंगुळा म्हणून त्यांना शहरातला जुना दगडी हौद दाखवायचं ठरलं. हौद कोरडा होता. म्हणून तो भरायचा होता. भरायला गल्लीचं पाणी लागणार होतं. ह्या तीन गोष्टींत कोणालाच काही वावगं दिसलं नाही, कारण त्या तीन वेगवेगळ्या बैठकांत बोलल्या गेल्या आणि तिन्ही बैठकांत चहा चांगला होता.

ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या घरी चोवीस तास पाणी यायचं. त्यामुळे पाणी ही बघायला जायची गोष्ट आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

गल्लीला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चौदा म्हणत. त्याचं काम असं, की रस्त्यातल्या चेंबरचं लोखंडी झाकण सरकवायचं, छातीएवढी उंच चावी आत उतरवायची आणि वरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून फिरवायचा. गल्लीचा व्हॉल्व्ह चौदा फेऱ्यांत पूर्ण उघडतो. तो फेरे मोजायचा, मोठ्याने नाही, पण अगदी मनातही नाही, ओठ हलायचे. मंगळवारी आणि शनिवारी, सव्वादहा ते साडेअकरा. एकोणीस वर्षं. गल्लीतल्या बायका घड्याळ बघत नसत, झाकणाचा आवाज ऐकत. झाकण घासलं की हंडे बाहेर.

एकोणीस वर्षं तो रोजंदारीवर होता. म्हणजे रोज सकाळी त्याची नोकरी लागायची आणि संध्याकाळी जायची. त्याला कायम करायची फाइल पाणीसाहेबांच्या टेबलावर होती. ती होती हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवायचे.

त्या सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं आणि कप उचलून बाजूला ठेवला.

"हौद माहीत आहे ना तुला?"

"हो साहेब. गल्लीच्या तोंडाशीच आहे."

"शनिवारी परिषदेचे पाहुणे येणार आहेत बघायला. ऐच्छिक सांस्कृतिक सहल आहे. बेचाळीस नावं आलीत."

"ऐच्छिक म्हणजे काय साहेब?"

"म्हणजे ज्याला यायचं तो येणार, ज्याला नाही यायचं तो नाही येणार."

"आणि कोणीच नाही आलं तर?"

"तरी हौद भरलेला पाहिजे," साहेब म्हणाले. "तुझ्या त्याच चेंबरमध्ये हौदाचा नवा व्हॉल्व्ह बसवलाय. उजव्या हाताचा. उद्यापासून डावा बंद, उजवा सुरू. शनिवारपर्यंत हौद वरच्या पायरीला टेकला पाहिजे."

"डावा बंद म्हणजे गल्लीचं..."

"दोन पाळ्यांचा प्रश्न आहे. मंगळवार आणि शनिवार. माणूस काही मरत नाही तेवढ्यात." साहेबांनी फाइल हातात घेतली, तिच्यावरचा चहाचा गोल डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, तो काही गेला नाही. "शनिवार नीट पार पडू दे. सोमवारी मी ह्याच्यावर सही करतो. तोंडाने सांगतोय, पण सांगतोय."

चौदाने नाही म्हटलं नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, साहेबांना दोन गोष्टी सुनावल्या नाहीत. तो म्हणाला, "बरं साहेब." हे मी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे गल्लीत ह्या माणसाबद्दल बरंच काही बोललं गेलं.

हौद काही शतकांपूर्वीचा होता. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, एका भिंतीत दगडी सिंहाचं तोंड, त्यातून पाणी पडायची सोय. तीस वर्षांत त्या सिंहाने कधी थुंकीही टाकली नव्हती. पण कोरडा म्हणून हौद रिकामा नव्हता. चौदाची थोरली बहीण, जिला तो ताई म्हणायचा आणि बाकी गल्ली लाँड्रीवाली म्हणायची, तिने त्याच्या पायऱ्यांवर धंदा मांडला होता. दिवसभर ऊन, खाली तापलेला दगड, चादर दोन तासांत पापडासारखी कडक. गावातल्या मोठ्या हॉटेलच्या चादरी तिच्याकडे यायच्या. म्हणजे पाहुणे रात्री ज्या चादरींवर झोपत होते त्या ह्याच पायऱ्यांवर वाळलेल्या होत्या. हे सहलीच्या माहितीपत्रकात नव्हतं.

मंगळवारी सकाळी हौद झाडायला माणसं आली आणि ताईच्या दोऱ्या काढून तिच्या हातात दिल्या. सव्वादहा वाजले, झाकणाचा आवाज आला, हंडे बाहेर आले, आणि नळांना काहीच आलं नाही. साडेदहाला चौदा गल्लीत शिरला.

"मेन लाइन फुटली," तो म्हणाला.

"कुठे फुटली?" ताईने विचारलं.

"तिकडे वर."

"वर म्हणजे कुठे वर?"

"वर म्हणजे टाकीच्या अलीकडे. मोठी फुटली आहे. शनिवारचंही काही खरं नाही."

"मग हौदात कुठून पडतंय?"

"ती लाइन वेगळी."

ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. त्याला अंघोळ घालून, केस विंचरून शाळेत तिनेच पाठवलं होतं. तिने त्याच्याकडे एवढंच बघितलं जेवढं लहानपणी कानामागचा मळ बघायला बघायची.

"बरं," ती म्हणाली. "फुटली तर फुटली."

शेजारची शिंपीण मात्र ऐकणारी नव्हती. "चौदा, माझ्या घरी सहा माणसं आहेत. सहा माणसांनी शनिवारपर्यंत काय तोंडाला पट्टी लावून बसायचं?"

"मी काय करू वहिनी? माझ्या हातात काय आहे?"

"चावी आहे," शिंपीण म्हणाली.

चौदाने चावी खांद्यावर घेतली आणि गल्लीबाहेर पडला.

त्या आठवड्यात गल्लीने काय केलं ते सांगत बसत नाही. माणसं पाण्याशिवाय जे करतात तेच केलं. पलीकडच्या वस्तीतून घागरी आणल्या, एका पाण्यात भाजी धुतली, त्याच पाण्यात भांडी घासली आणि तेच अंगणात ओतलं. ताईने हॉटेलच्या चादरी परत पाठवल्या. चौदाच्या बायकोने घरात पाण्याचा विषय काढला नाही, फक्त गुरुवारी जेवताना त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायला विसरली, आणि त्याने मागितला नाही.

हौद मात्र भरत होता. गुरुवारी कळलं की तो गळतो. पूर्वेच्या भिंतीत बोटभर भेग होती, त्यातून पाणी जात होतं आणि जमिनीतच कुठेतरी मुरत होतं. साहेबांनी तिच्यात गोणपाट कोंबायला लावलं. तरी गळतच होतं. शेवटी हिशोब असा बसला, की उजवा व्हॉल्व्ह चार फेरे उघडा ठेवला तर जेवढं जातं तेवढंच येतं आणि पाणी वरच्या पायरीला टेकून राहतं. म्हणजे गल्लीचं पाणी चोवीस तास हौदात पडत होतं आणि चोवीस तास मातीत जात होतं.

"आता नीट ऐक," शुक्रवारी साहेब म्हणाले. "शनिवारी साडेनऊला बस येईल. तू चेंबरपाशी उभा राहा, चावी आत घालून. गाइडबाई सिंहाची गोष्ट सांगतील. गोष्ट संपली की मी खिशातून पांढरा रुमाल काढीन. रुमाल दिसला की तू उजवा पूर्ण सोडायचा, राहिलेले दहा फेरे. सिंहाच्या तोंडातून धार पडली पाहिजे. समजलं?"

"समजलं साहेब. उजवा. दहा फेरे."

"परत सांग."

"उजवा. दहा फेरे."

तो घरी जाताना तेच म्हणत गेला. जेवताना म्हणत राहिला. त्याला कायम व्हायचं होतं, त्यात लाज कसली. एकोणीस वर्षांत त्याला एकदा ताप आला होता, तर त्या तीन दिवसांची मजुरी कापून वर साहेबांनी विचारलं होतं की ताप सुट्टीच्या दिवशी का नाही आला. कायम माणसाला ताप वाटेल तेव्हा येतो.

शनिवारी तो नऊ वाजताच चेंबरपाशी उभा होता. त्याला नवा निळा सदरा आणि टोपी दिली होती. टोपी मोठी होती, कानांवर टेकत होती. गल्लीच्या तोंडाशी रंगीत कापडाचा पडदा लावला होता, आतलं काही दिसू नये म्हणून. पडद्यामागे गल्ली होती. शनिवार असूनही हंडे बाहेर आले नव्हते.

साडेनऊ झाले. बस आली नाही. पावणेदहा झाले. साहेब फोनवर बोलत होते आणि समोरच्याला आवाजात नमस्कार करत होते. दहा वाजून पाच मिनिटांनी बस आली. बेचाळीस जणांच्या बसमधून सात पाहुणे उतरले. त्यातल्या दोघांनी उतरल्या उतरल्या स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं.

"बाकीचे?" साहेबांनी गाइडबाईंना हळूच विचारलं.

"झोपलेत. ऐच्छिक होतं ना."

गल्लीला मात्र ते ऐच्छिक नव्हतं.

गाइडबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. त्यांनी छत्री उंच धरून पाहुण्यांना पायऱ्यांच्या कडेला उभं केलं आणि त्यांच्या भाषेत गोष्ट सुरू केली. हौदाच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा आहे, तो कधी आटत नाही, सिंह त्याचं रक्षण करतो, असं काहीतरी. पाहुण्यांत एक उंच, वाकलेला म्हातारा होता. त्याच्या गळ्यात परिषदेची पट्टी उलटी लटकत होती. त्याने आयुष्यभर कुठल्याशा देशात पाण्याच्या पाइपलाइनी टाकल्या होत्या. तो दोन पायऱ्या उतरला, पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि गाइडबाईंना काहीतरी म्हणाला.

"काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

"झऱ्याला ब्लीचिंग पावडरचा वास येतोय म्हणतात."

"त्यांना सांगा, झरा स्वच्छ आहे."

इकडे चौदा दोन्ही हातांनी दांडा धरून उभा होता. चावी उजव्या व्हॉल्व्हवर होती. पाच मिनिटांपूर्वी त्याने ती स्वतःच नीट बसवली होती. मग टोपी डोळ्यांवर आली म्हणून त्याने चावी उचलून भिंतीला टेकवली, टोपी मागे सारली आणि पुन्हा चावी हातात घेतली. त्याची नजर साहेबांच्या खिशावर होती. समोरच्या इमारतीवरचं घड्याळ सव्वादहाला टेकलं. साहेबांनी रुमाल काढला.

आणि चौदाने चावी खाली घातली.

शनिवार होता. सव्वादहा वाजले होते. झाकण उघडं होतं आणि हातात चावी होती. एकोणीस वर्षं ह्या वेळेला त्या हातांनी एकच गोष्ट केली होती. हात डावीकडे गेले. ओठ मोजू लागले. एक, दोन, तीन. तो रुमालाकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, उजवा, दहा फेरे. हात फिरत होते. आठ, नऊ, दहा. दहावर थांबायचं होतं, हेही त्याला माहीत होतं. अकरा. बारा. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेरा. चौदा.

चौदा म्हटलं आणि पडद्यामागे पहिल्या घरातला नळ खोकला.

नळ आधी हवा सोडतो, मग लाल पाणी, मग पांढरं. चौदाला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. त्याने खाली बघितलं. चावी डाव्या व्हॉल्व्हवर होती.

सिंहाने एक थेंब टाकला, घशात खरखरल्यासारखा आवाज केला आणि तोंड मिटावं तसा गप्प झाला. डावा चौदा फेरे उघडा, उजवा चारच, पाण्याला काय, ते मोकळ्या वाटेला गेलं. हौदात येणारं थांबलं आणि भेगेतून जाणारं काही थांबलं नाही. सगळ्यांच्या देखत वरची पायरी ओली होऊन उघडी पडली.

पडद्यामागून शिंपिणीचा आवाज आला, "अगं आलं, आलं, हंडा आण, तो नको, मोठा आण!" मंगळवारपासून लोकांनी नळ उघडेच टाकले होते. सगळे एकदम सुरू झाले. भांड्यांचा असा काही दणदणाट उठला की सातही पाहुणे हौदाकडे पाठ करून उभे राहिले. मग पडद्याखालून पाण्याचा एक ओघळ निघाला आणि साहेबांच्या बुटाशी आला.

उंच म्हाताऱ्याने काही न विचारता पडदा बाजूला केला आणि आत गेला. बाकीचे सहा त्याच्या मागोमाग.

आत गल्ली ओलीचिंब होती. बायका, म्हातारे, सगळे हातात मिळेल ते भांडं घेऊन धावत होते. ताईने दोन पिंपं भरून तिसरं लावलं होतं आणि शिंपीण एका हाताने हंडा धरून दुसऱ्या हाताने कोणाला तरी शिव्या देत होती. पाहुण्यांनी फोन वर केले. गाइडबाईंना काहीतरी सांगणं भाग होतं. चाळीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलेली बाई, ती अडते होय. तिने सांगितलं की इथे पाण्याचं समान वाटप कसं होतं ते पाहुण्यांना प्रत्यक्ष दिसावं, म्हणून हा कार्यक्रम ठेवला आहे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीण म्हणाली, "ह्यांना काय झालं?"

साहेब चेंबरपाशी आले. तोंडावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले, "बंद कर. आत्ताच्या आत्ता."

चौदाने चावी बंद करायच्या बाजूला दाबली. हेही लिहून ठेवतो. त्याने नळांकडे बघितलं नाही, बहिणीकडे बघितलं नाही, दांड्यावर जोर दिला आणि एक फेरा फिरवला. दुसरा फिरवणार तेवढ्यात उंच म्हातारा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने चावीकडे बघितलं, चेंबरमध्ये वाकून बघितलं, मग चौदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाइडबाईंना विचारलं, हा कोण?

"हाच वाटप करतो," गाइडबाई म्हणाल्या. आता माघार घ्यायला त्यांना जागाच नव्हती.

सात फोन चौदाकडे वळले.

"थांब," साहेब पुटपुटले. "हात काढ. हस जरा."

चौदा हसला. टोपी पुन्हा डोळ्यांवर आली. गल्लीचं पाणी त्या दिवशी साडेबारापर्यंत चालू राहिलं, कारण पाहुणे साडेबारापर्यंत तिथून हलले नाहीत. तोवर हौद आठ पायऱ्या खाली गेला होता आणि भेगेतलं गोणपाट बाहेर लोंबत होतं. हौदाकडे कोणी पुन्हा बघितलं नाही.

सोमवारी त्याने लेखी खुलासा दिला. कारकुनाने वाचला.

"'सवयीने घडले.' हे कारण चालत नाही."

"पण तेच खरं आहे."

"खरं असेल. फॉर्मात तीनच कारणं आहेत. आजारपण, नैसर्गिक आपत्ती आणि इतर."

"मग इतर लिहा."

साहेबांनी त्याला आत बोलावलंच नाही. त्यांचीही पंचाईत होती. परिषदेने आभाराचं पत्र पाठवलं होतं, सोबत फोटो, गल्लीचा, आणि मध्यभागी टोपीत बुडालेला चौदा. खाली साहेबांचं नाव, उपक्रमाचे प्रणेते म्हणून. आता ज्या उपक्रमाचे आपण प्रणेते, तो केला म्हणून माणसाला काढायचं कसं? काढता येत नव्हतं, आणि सही तर मुळीच करायची नव्हती. त्याच्या तोंडाला पानं पुसली ती अशी.

"माझी फाइल?" चौदाने कारकुनाला विचारलं.

"वर गेली."

"वर म्हणजे आयुक्तांकडे?"

"वर म्हणजे कपाटावर."

गल्लीत मात्र त्याच्या नावाचा डंका पिटला जात होता. साहेबांच्या नाकावर टिच्चून त्याने पाणी सोडलं, नोकरीवर लाथ मारून सोडलं, असं लोक एकमेकांना सांगत होते. शिंपिणीने तो दिसला की खुर्ची बाहेर काढायला सुरुवात केली. "बसा भाऊजी," ती म्हणायची. आधी त्याला कधी कोणी बसा म्हटलं नव्हतं. तो बसायचा. चहा घ्यायचा. खरं काय ते सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलंही, पण तोवर साखर पुरेशी आहे का म्हणून कोणीतरी विचारायचं.

पुढच्या शुक्रवारी ताईने त्याला हाक मारली. हौद पुन्हा कोरडा झाला होता आणि ती पायऱ्यांवर चादरी पसरत होती. तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी ती ताणून झटकली.

"चुकून झालं ना तुझ्याकडून?" ती म्हणाली.

तो चादरीची घडी सरळ करत राहिला.

"मला ठाऊक आहे. मुद्दाम करणाऱ्यातला तू नव्हेस. लहानपणी आंबट चिंच दिली तरी थुंकायची हिंमत नव्हती तुला, गिळून टाकायचास."

"हो," तो म्हणाला. "चुकून झालं. वर साहेब म्हणाले तर बंद करायलाही निघालो होतो."

"बघितलं मी."

"मग कोणाला बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? पाणी आलं ना." तिने दुसरी चादर उचलली आणि टोक त्याच्याकडे फेकलं. "फाइलचं काय झालं?"

"कपाटावर गेली."

"पडू दे." तिने चादर दगडावर टाकून दोन्ही हातांनी सपाट केली. मग कंबर धरून सरळ उभी राहिली. "फक्त एक कर. साहेबांना सांग, पुढची परिषद ठेवतील तेव्हा सहल शनिवारीच ठेवा म्हणावं. सव्वादहाला."